हवालदारांचे उलट प्रश्न

“त्यास्नी इचारा, आई हाय का अजून?”

हाच प्रश्न हवालदार हैबती जगदाळ्यांनी तिसऱ्यांदा विचारला, आणि मी हातातली पेन्सिल बाजेवर आदळली. आदळली म्हणजे ठेवलीच, पण ठेवताना आवाज झाला.

“आबा, आई आहेत. ऐंशीच्या पुढच्या आहेत. मघाशी दोनदा सांगितलं.”

“ते तुमी तुमच्या मनानं सांगताय. त्यास्नी इचारून सांगा.”

मी समोर खुर्चीत अवघडून बसलेल्या जर्मन पाहुण्यांकडे, हेर म्हणजे श्रीयुत वेंडलांटांकडे, वळले आणि तोच प्रश्न पुन्हा जर्मनमध्ये विचारला. त्यांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. कॅसेट फिरत होती.

“फ्राउ आगाशे, माझा प्रश्न ह्यांना कळला आहे का?”

“कळला आहे.”

“मी नदीचं विचारतो आणि हे माझ्या आईचं विचारतात. तुम्ही नीट भाषांतर करता आहात ना?”

वीस वर्षं मी पुण्यात जर्मन शिकवत होते. एवढ्या काळात असं मला कोणी विचारलं नव्हतं. “आई जिवंत आहे का, ते सांगा,” मी कोरडेपणानं म्हटलं.

“आहे! देवाच्या कृपेनं अजून चालती फिरती आहे!”

मी ते सांगितलं. हवालदारांनी मान डोलवली, अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला घेतली. जर्मनीहून जपून आणलेला नकाशा बाजेवर पसरला होता. सुपारीचा भुगा पडत होता तो त्याच्यावर, नेमका त्या नदीवर.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, माघातली. तेव्हा पुण्यात जर्मन येणारी माणसं थोडी होती, त्यामुळे मला दुभाष्याची कामं मिळत. बहुतेक पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतली असत: गिअर, बॉयलर, झाकणाचे बोल्ट. मला ती आवडत. बोल्टाचं विचारलं की माणसं बोल्टाचंच सांगतात.

वेंडलांटांचं काम निराळं होतं. एबरहार्ट वेंडलांट हे लढाईत जर्मनांच्या दहाव्या सेनेच्या मुख्यालयात कॅप्टन होते. सेना म्हणजे एखादी पलटण नव्हे, तशा कितीतरी पलटणींचा मोठा जथा. ही दहावी सेना इटलीत उभी राहिली आणि दीड-पावणेदोन वर्षं एकेक नदी, एकेक डोंगर सोडत मागं हटत लढली. समोर इंग्रजांच्या बाजूनं लढणाऱ्यांत आपले मराठेही होते. वेंडलांट आणि त्यांचे जुने सोबती मिळून त्या सेनेचा इतिहास लिहीत होते. दोन खंड झाले होते, तिसरा चालू होता.

पुण्याहून निघाल्यापासून खंबाटकीचा घाट चढेपर्यंत ते गाडीत एक शब्द बोलले नव्हते. घाटमाथ्यावर ड्रायव्हरनं इंजिन गार करायला गाडी थांबवली, तेव्हा ते एकदम म्हणाले, “मी माझ्या भावासाठी आलो आहे, हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.”

भावाचं नाव योआखिम, घरचे योखेन म्हणत. एकोणीस वर्षांचा, त्याच सेनेत साधा शिपाई. चव्वेचाळीसच्या शरदात तो एका नदीकाठच्या चौकीवर पहाऱ्याला होता आणि एका पहाटे नाहीसा झाला. त्याच सकाळी मराठ्यांची एक तुकडी सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून, घरच्या अंगणातून यावी तशी, अलीकडं आली आणि तिनं चौकी मागून गाठली. चौकीवरचे नऊ जण मारले गेले. योखेनचा देह सापडला नाही. गावातल्या स्मारकाच्या दगडावर लढाईत पडलेल्यांच्या नावांत त्याचंही नाव कोरलं गेलं. आई दर रविवारी चर्चमधून परतताना त्या दगडापाशी थांबते.

“आता माझे सोबती म्हणतात, तो पडला नाही, पलीकडं गेला,” वेंडलांट म्हणाले. “वाट त्यानंच दाखवली म्हणतात. खंडात तसं छापायचं आणि नाव दगडावरून काढायला लावायचं, असं त्यांचं ठरलंय. मी त्यांना म्हटलं, थांबा, पलीकडचा साक्षीदार आणतो. त्या गस्तीतला एक माणूस हयात आहे. तो तुमचा हवालदार.”

“आणि त्यानं उलटं सांगितलं तर?”

“तर उलटं छापीन. मी इतिहास लिहितो, फ्राउ आगाशे. भावाची आरती नव्हे.” त्यांनी वापरलेला शब्द निराळा होता, पण अर्थ हाच.

मला तो माणूस तेव्हा आवडला. सरळ वाटला. म्हटलं, एक प्रश्न, एक उत्तर, दुपारपर्यंत काम उरकेल.

आणि इथं, कोरेगावच्या पुढं खडकवस्तीला, हवालदारांच्या पडवीत, ऊन कौलांवरून उतरून उंबऱ्यापर्यंत आलं तरी आमचं गाडं आईपुढं सरकलं नव्हतं.

“बरं, घर कुनाच्या नावावर हाय?” हवालदारांनी विचारलं.

“आईच्याच.”

“लढाईच्या वक्ताला सरकारनं जप्त केलं हुतं का?”

“जप्त?” वेंडलांट म्हणाले. “कशासाठी? माझे वडील मुख्याध्यापक होते!”

“घरातल्या कुनाला धरून नेलं हुतं का? आईला? ह्यास्नी?”

हा प्रश्न मी थोडा मऊ करून विचारला. तरी वेंडलांटांचे कान लाल झाले.

“आमच्या घरातलं कोणी कधी तुरुंगात गेलेलं नाही. हा माझी चौकशी करतो आहे, की मी ह्याची?”

“नाही म्हणतात, आबा. कोणालाही धरलं नाही.”

“आईच्या जिवाला कायबी तोशीस न्हाई लागली?”

“नाही!”

“आन तवाचं ते सरकार? ते पुन्यांदा यायचं न्हाई न्हवं?”

मी हात जोडले. “आबा, ते सरकार बुडून तीस वर्षं झाली. तुम्हीच बुडवलंत ते! आता ह्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. हा मुलगा तुम्हाला लढताना सापडला, की आपण होऊन आला?”

हवालदार सुपारी चघळत राहिले.

आतून त्यांच्या बायकोनं, तानूबाईंनी, डोकं बाहेर काढलं. “आवं, मानूस समुद्र वलांडून आलाय. लढाईचं इचारतोय तर लढाईचं सांगा की!” मग माझ्याकडं वळून, “ह्यांचं असंच, बाई. लगीन झाल्यापास्नं बघतीया. लढाईचं इचारलं की शेरडांचं सांगत्यात. पोरांनी इचारलं, नातवांनी इचारलं. ताकास तूर लागू द्यायचे न्हाईत.”

“तू च्या ठेव.”

“दोनदा ठिवला. आता दूध न्हाई.”

वेंडलांटांनी खिशातून फोटो काढून पुढं धरला. टोपी मागं सरकवलेला, दात दाखवून हसणारा मुलगा होता.

“चष्मा घरात न्हाई,” हवालदार म्हणाले.

“कपाळावर हाय,” तानूबाई म्हणाल्या.

हवालदारांनी चष्मा नाकावर ओढला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. “गोरी पोरं. सगळी येकसारखीच दिसत्यात.”

मी भाषांतर केलं. वेंडलांटांनी फोटो दोन्ही हातांनी घेऊन पाकिटात ठेवला. त्यानं मी जास्तच वैतागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मळ्याकडून मोटारीची घरघर ऐकू आली.

“लाइट आली!” हवालदार ताडकन उठले, धोतराचा काचा मारला, कोपऱ्यातलं फावडं घेतलं. “कांद्याला पानी हाय. दारं धरायला पायजे, न्हाईतर वाफं फुटत्याल.” आणि निघालेसुद्धा.

“हा कुठे चालला?” वेंडलांट उभे राहिले.

“कांद्याला पाणी द्यायला.”

“मुलाखत चालू असताना?”

“इथं वीज येते तेव्हा येते, हेर वेंडलांट. कांदे थांबत नाहीत.”

“मी तीस वर्षं थांबलो आहे,” ते म्हणाले आणि खाली बसले. नकाशावरचा सुपारीचा भुगा त्यांनी एका बोटानं गोळा करायला सुरुवात केली.

मी चपला घातल्या आणि बांधावरून हवालदारांच्या मागं गेले. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की ह्या माणसाला चार शब्द सुनवायचे. ते वाफ्यात घोटाभर चिखलात उभे होते. एक वाफा भरला की फावड्यानं मातीचा ढेकूळ उचलून पाण्याचं तोंड दुसरीकडं वळवायचे.

“आबा, तुम्हाला सांगायचं नव्हतं तर ‘या’ म्हणून कळवलंत कशाला? एवढ्या लांबून बोलावून माणसाला खेळवायचं?”

“मला त्यास्नी बगायचं हुतं.”

“बघितलंत. आता?”

त्यांनी एक वाफा भरू दिला.

“बाई, तुमी त्यांच्या मुलखाचं शिकलाय. येक सांगा. तिकडं कुनी आपनहून शत्रूकडं गेलं, तर आज त्याच्या मानसांना काय करत्यात?”

मी चपला हातात घेऊन वाफ्याच्या कडेला थांबले. रागाची वाफ निम्मी तिथंच गेली.

“सरकार काही करत नाही आता. लोक मात्र बोलतात. गावात नाव खराब होतं.”

“आन ह्यो? ह्यो काय करंल?”

“ते मी कसं सांगू? त्यांनाच विचारा.”

“मंग तसं इचारा. जर का गेला असता, तर. माझं नाव घालू नगा त्यात.”

“आबा, म्हणजे तो मुलगा...”

“मी काय बोल्लो?” त्यांनी फावडं चिखलात रोवलं. “काय बोल्लो का? न्हाई बोल्लो. जा, मी आलोच हे भरून.”

ते हातपाय धुऊन आले, बाजेवर बसले, तेव्हा मी वेंडलांटांना विचारलं. “आबा विचारतात, समजा तुमचा भाऊ आपण होऊन गेला असता, तर तुम्ही काय कराल?”

वेंडलांटांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी थेट हवालदारांकडं पाहिलं, आणि एकेक वाक्य माझ्यासाठी थांबत, पण त्यांना उद्देशून बोलले.

“नऊ माणसं मेली त्या काठावर. त्यांतल्या तिघांना मी नावानं ओळखत होतो. तो गेला असेल, तर मी स्वतः ते लिहीन. दगडावरचं त्याचं नाव निघेल. आईला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मी सांगेन.” मग म्हणाले, “त्या वयात तिला ते सोसणार नाही, हे मला माहीत आहे. पण खोट्या दगडापुढं तिनं फुलं ठेवावीत, हे मला चालणार नाही.”

मी सगळं सांगितलं. एक शब्द वगळला नाही.

हवालदार दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी तोंडातली सुपारी अंगणात थुंकली, चूळ भरली आणि सरळ ताठ बसले. मला वाटतं, पलटणीत साहेबापुढं असेच बसत असावेत.

“लिवा मंग,” ते म्हणाले.

वेंडलांटांनी टेपरेकॉर्डर त्यांच्याजवळ सरकवला.

“धुकं हुतं. आमी पाच जन गस्तीला हुतो. नाईक मल्हारी काकडे म्होरं, सासवडकडचा. पान्याच्या कडंला ह्यो पोरगा गावला. आमी झडप घातली. त्यो लई झुंजला. वाघावानी झुंजला. हातात काय नव्हतं तरी मल्हारीला खाली घेतला. मंग तिकडनं तोफ सुरू झाली, गोळा आला, आन ते दोगंबी तितंच गेलं. तितल्या तितं. पळपुटा नव्हता त्यो. हे मी हवालदार हैबती जगदाळे सांगतोय.”

मी वाक्यामागून वाक्य जर्मनमध्ये सांगत गेले. वाफ्याच्या कडेला काय ऐकलं होतं ते मला आठवत होतं. पण दुभाष्याला समोरचा बोलेल तेच बोलायचं असतं. ‘वाघावानी’ला मी ‘सिंहासारखा’ म्हटलं, कारण त्यांच्याकडं तसं म्हणतात.

वेंडलांटांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी पाहिला नाही. ते एकदम दहा वर्षांनी लहान दिसले. उठून त्यांनी हवालदारांचा चिखलाचा वास येणारा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ हलवत राहिले.

“घ्या, बोलले येकदाचे,” तानूबाई दारातून म्हणाल्या. “आन काय वं, येवढंच हुतं तर तीस वर्सं तोंडात गूळ धरल्यावानी का बसला हुता?”

“गप बस.”

नकाशा घडी झाला. टेपरेकॉर्डर बंद करायचा राहिला होता. ड्रायव्हरनं गाडी वळवून घेतली. मीही सुटले होते. पुण्याला दिवेलागणीला पोचू, घरी कोणती भाजी आहे, असले विचार मनात यायला लागले होते. वेंडलांट पायरी उतरले, बूट घालायला वाकले. हवालदार उंबऱ्यात उभे होते.

“आईला येक सांगा म्हनावं,” ते म्हणाले. “पोरगं उपाशी गेलं न्हाई. जेवून गेलं.”

माझ्या तोंडातून ते जर्मनमध्ये निघून गेलं. आपल्याकडं कोणाच्याही मरणाची बातमी सांगताना माणूस हेच तर सांगतो. घास पोटात होता का, पाणी मिळालं का. तानूबाईंनीसुद्धा लगेच “बरं झालं बाई” म्हटलं. त्यात काही वावगं आहे हे माझ्याही लक्षात आलं नाही.

वेंडलांटांच्या लक्षात आलं. ते बुटाची नाडी हातात धरून तसेच वाकलेले राहिले.

“जेवून?” त्यांनी हळूच विचारलं. “पाण्याच्या कडेला पकडला. झुंजला. तिथल्या तिथं मेला.” ते सरळ झाले. “मग जेवला कधी?”

मी भाषांतर केलं नाही. करायची गरजच पडली नाही. हवालदारांनी त्यांचा चेहरा पाहिला, मग माझा, आणि दाराच्या चौकटीला धरून ते मटकन उंबऱ्यावर बसले.

“मोडला गं,” ते बायकोला म्हणाले. “माझ्या हातनं बेलभंडार मोडला.”

“कसला बेलभंडार?” तानूबाई पुढं आल्या. “कंदी उचलला हुता? मला कसं न्हाई सांगितलं?”

“सांगायचा न्हाई म्हनूनच तर उचलला हुता.”

बेल आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ मोडली की खंडोबा सोडत नाही, हे तानूबाईंना काय, मलाही ठाऊक होतं. वेंडलांटांना मी तेवढं समजावलं. ते पायरीवर बसले, एका पायात बूट, एका पायात मोजा. “सगळं सांगायला सांगा,” ते म्हणाले.

“आता काय राह्यलंय,” हवालदार म्हणाले, आणि बोलू लागले. आता ते माझ्यासाठी थांबत नव्हते. मलाच त्यांच्यामागं धावावं लागत होतं.

“त्यो पान्यातनं आला. दोन्ही हात वर. बूट गळ्यात बांधल्यालं. थंडीनं दात वाजत हुतं. मल्हारीला इंग्रजी यायचं जरासं, त्या पोरालाबी यायचं जरासं. त्यानं मल्हारीचं पाय धरलं. जीव वाचवा म्हनून न्हाई. म्हनला, मी आपनहून आलो हे कुनाला कळू देऊ नगा. आमच्याकडं जो असा जातो, त्याच्या घरच्यांना धरत्यात. माझ्या आईला धरतील. तुमीच मला पकडलं असं सांगा.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मल्हारीनं कमरंची पिशवी काडली. जेजुरीचा भंडारा असायचा त्याच्याजवळ कायम. बेल कुटला तितं? जैतुनाचं झाड हुतं, त्याचं पान घेतलं. पाची जनांनी उचलला. ह्या पोराच्या आईला आपल्या तोंडानं दुख होयाचं न्हाई, असा.”

जैतून म्हणजे ऑलिव्ह, एवढं सांगायला मी त्यांना थांबवलं. वेंडलांटांनी ‘पुढं’ म्हणून हात केला.

“मंग त्यानं वाट दावली का ते इचारा म्हनत्याल. दावली. आमी मागितली नव्हती. त्यो म्होरं चालला, जितं त्यो पाय ठेवील तितं आमी ठेवला. सुरुंगाच्या पट्ट्यात आमच्यातला येकबी गेला न्हाई. पलीकडं गेल्यावर तोफ आली, तवा त्यो आन मल्हारी गेलं. तुमची नऊ मेली असत्याल, सायेब. मी न्हाई म्हनत न्हाई. आमी चार जगलो. त्यातला येक मी.”

मळ्यातली मोटार चालूच होती.

“हे सकाळीच का नाही सांगितलं?” वेंडलांटांनी विचारलं. “ती राजवट केव्हाच गेली. आईला आता कोण धरणार होतं?”

मी ते विचारलं. हवालदारांनी उत्तर दिलं ते माझ्याकडं बघून, त्यांच्याकडं नाही.

“तेच तर सकाळधरनं इचारत हुतो मी. सरकार गेलं, बरं झालं. घर हाय, आई सुखात हाय, बरं झालं. म्हनलं आता सांगावं. पर मंग ह्ये बोलले, आन मला वाटलं, ते सरकार गेलं खरं, पर त्या पोराच्या आईला धरायला आता ह्योच आलाय.”

हे वाक्य मी जर्मनमध्ये कसं म्हटलं, ते मला आजही शब्दशः सांगता येईल. म्हणताना मी खाली, दगडी पायरीकडं बघत होते.

वेंडलांट उठले. एका बुटानं लंगडत टेपरेकॉर्डरपाशी गेले. त्यांनी बटण दाबलं, कॅसेट बाहेर काढली, क्षणभर हातात धरली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकली. तिसरा खंड पुढच्या वर्षी निघाला. त्यांनी मला एक प्रत पाठवली, ती अजून माझ्या कपाटात आहे. त्या नदीचं प्रकरण दीड पानाचं आहे. चौकी पडली, नऊ मेले, एवढं आहे. योखेन वेंडलांट पडलेल्यांत नाही आणि गेलेल्यांतही नाही. आई त्यानंतर चार रविवार कमी पाच वर्षं जगली, असं त्यांनी मला नाताळच्या एका कार्डावर लिहिलं होतं. हिशेबी माणूस. दगडाबद्दल काही लिहिलं नव्हतं, म्हणजे तो आहे तसाच असणार.

पण त्या दुपारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. त्या दुपारी ते परत येऊन हवालदारांच्या शेजारी, उंबऱ्यावरच बसले. दोन म्हातारे त्या अरुंद दारात खांद्याला खांदा लावून बसलेले. तानूबाईंना आतबाहेर करायला जागा उरली नाही.

“काय जेवला?” वेंडलांटांनी विचारलं.

“काय जेवला म्हणतात, आबा.”

“आमच्या शिदोरीतलं. शिळ्या चपात्या हुत्या अन् गूळ. मल्हारीच्या वाट्याच्या. म्हनला, लेकरू कापतंय, खाऊ द्या. गुळाचं आदी कळंना त्याला, चाटून बगितला. मंग दोन चपात्या उभ्या उभ्या खाल्ल्या. आन तिसरी मागितली. असा हात करून.” हवालदारांनी तळहात पुढं करून दाखवला. “ती आमच्याकडं नव्हती.”

मी सांगितलं. वेंडलांट त्या पुढं केलेल्या तळहाताकडं बघत राहिले. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते, किंवा दोन्ही.

“घरीसुद्धा,” ते म्हणाले. “घरीसुद्धा कायम असंच. आई दोन वाढायची, आणि हा लगेच हात पुढं करायचा.”

“काय म्हनत्यात?” हवालदारांनी मला विचारलं.

“घरीसुद्धा असाच हात पुढं करायचा, म्हणतात.”

हवालदारांनी हात हळूहळू मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

“मंग त्योच,” ते म्हणाले.